पाऊल पडले का?

काम सांगणे वेगळे आणि काम होणे वेगळे, हे कुणालाही शिकवावे लागत नाही. तरीसुद्धा रोजच्या व्यवहारात आपण या दोन्ही गोष्टी एकच धरून चालतो. पत्र पेटीत टाकले की ते पोचले असे समजतो, मुलाला चार शब्द सुनावले की तो सुधारला असे समजतो, आणि सभेत ठराव मंजूर झाला की प्रश्न सुटला असे समजून चहा घेतो. प्रत्येकाच्या मनात एक वही असते. एखादे काम कुणाला सांगितले की त्या वहीत आपण एक खूण करतो. खरे म्हणजे ती खूण आपण सांगितल्याची असते. पण चार दिवस गेले की तीच काम झाल्याची खूण वाटू लागते.

या खुणेचा विचार मला कुठल्या मोठ्या ग्रंथाने सुचवला नाही. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तत्त्वज्ञानाच्या दारावरून जाताना मी नमस्कार करतो, पण आत शिरण्याचे धाडस सहसा करीत नाही. हा विचार माझ्या घरात आला तो माझ्या भाच्याने आमच्या गॅलरीत उभ्या केलेल्या एका यंत्राबरोबर.

भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला लहान विमाने बनवून उडवण्याचा नाद आहे. त्याच्या विमानांचे पंख थर्मोकोलचे असतात. पुण्यातल्या घरांना थर्मोकोल काही नवा नाही. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस पेठांतून घरोघर मखरे कोरली जात आणि तो पांढरा भुगा केरसुणीला दाद देत नसे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी घातली, त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने गणेशोत्सवापुरती सूट द्यायलाही नकार दिला, आणि आमच्या घरचे मखर पुठ्ठ्याचे झाले. भाच्याचे पंख निघतात ते टीव्ही-फ्रिजच्या खोक्यांतून आलेल्या, एरवी कचऱ्यातच गेला असता अशा थर्मोकोलमधून.

पंख हाताने कापणे सोपे नसते. वरची बाजू फुगीर, खालची जवळजवळ सपाट, बुंध्याशी रुंद आणि टोकाला निमुळता असा तो आकार. हाताने कापलेले दोन पंख सख्ख्या भावांसारखे असतात. चेहरा सारखा आणि स्वभाव निराळे. विमान मग एका अंगावर कलंडते. म्हणून भाच्याने तापल्या तारेने कापणारे यंत्र करायचे ठरवले. दोन खांबांमध्ये निक्रोमची बारीक तार ताणायची, तिच्यातून वीज सोडायची, आणि साबणाची वडी दोऱ्याने कापावी तसा थर्मोकोल कापायचा. थर्मोकोलमध्ये शेकडा अठ्ठ्याण्णव भाग हवाच असते. तार बेताची तापलेली असली तर ती टेकण्याच्या आधीच समोरचा भाग वितळून वाट देतो. मात्र पंख निमुळता असल्यामुळे तारेचे बुंध्याकडचे टोक जास्त चालले पाहिजे आणि शेंड्याकडचे कमी. प्रत्येक टोकाला वर-खाली आणि मागे-पुढे अशा दोन हालचाली, म्हणजे एकूण चार. त्यासाठी चार मोटरी, आणि त्या चौघींना हुकूम देणारा एक कंट्रोलर बोर्ड.

तो बोर्ड त्याने स्वतः केला. दोन-तीन शनिवार तो बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जाऊन सुटे भाग शोधत होता. एका अंगाला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी आणली. जोडणीच्या रेषा गुळगुळीत कागदावर छापल्या आणि मामीच्या इस्त्रीने त्या तांब्यावर उमटवल्या. पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात टाकली. जिथे काळी रेष होती तिथले तांबे वाचले, बाकीचे विरघळून गेले. मग सुईएवढी भोके, मग सोल्डरिंग. मोटरींना वीज पुरवणाऱ्या चार छोट्या चिपा बसवल्या, त्यांच्या डोक्यावर उष्णता काढून घेणारे ॲल्युमिनियमचे कंगवे चिकटवले. घरात आठवडाभर राळेचा वास होता.

"अरे, तयार बोर्ड मिळतो म्हणतोस. मग हा उपद्व्याप कशाला?" मी विचारले.

"मामा, विकतचा बिघडला तर टाकून द्यावा लागतो. आपण केलेला बिघडला तर कुठे बघायचं ते ठाऊक असतं."

उत्तर मला आवडले. पण त्याहून मोठी गोष्ट त्याने नंतर सांगितली, आणि तीही अगदी सहज.

या मोटरीला स्टेपर मोटर म्हणतात. पंख्याच्या मोटरीसारखी ती गरगर फिरत नाही, पावलापावलाने फिरते. एका फेऱ्याची २०० पावले. आत लोहचुंबकाचा दातेरी रोटर आणि भोवती तारेची वेटोळी अशी तिची रचना. बोर्डाने वेटोळ्यांतली वीज ठरावीक क्रमाने बदलली की रोटर एक पाऊल, म्हणजे १.८ अंश सरकतो आणि तिथेच खिळून उभा राहतो. उभा असतानाही वेटोळ्यांतून वीज वाहतच असते, त्यामुळे मोटर जागची हलली नाही तरी हाताला गरम लागते. नुसते उभे राहायलाही बळ खर्ची पडते, हे घरातल्या बायकांना यंत्राशिवायच ठाऊक आहे. भाच्याने गाडे सरकवण्यासाठी आठ मिलिमीटर जाडीची आटे पाडलेली सळई वापरली होती. तिच्या एका फेऱ्यात गाडा सव्वा मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक मिलिमीटर जायला १६० पावले.

"आणि मोटर कुठे पोचली ते बोर्डाला कसं कळतं?" मी विचारले.

"कळत नाही."

"कळत नाही म्हणजे?"

"म्हणजे त्याला मोटर दिसतच नाही. त्याने १६० पावलं टाकायला सांगितली की १६० पडली असं तो धरून चालतो."

इंजिनिअर मंडळी याला 'ओपन लूप' म्हणतात. हुकूम जातो, पण निरोप परत येत नाही. हे ऐकून मला आश्चर्य वाटले, पण व्यवस्था वाटते तितकी वेडी नाही. स्टेपर मोटर स्वभावाने आज्ञाधारक असते. तिच्या ताकदीच्या आत काम सांगितले तर सांगितलेले प्रत्येक पाऊल ती टाकते, आणि म्हणूनच तिच्यावर पहारा ठेवण्याचा खर्च वाचतो. जगातली असंख्य छोटी यंत्रे याच विश्वासावर चालतात. अडचण येते ती ओझे वाढले की.

तशी ती एका रविवारी आली. एक सळई एके ठिकाणी किंचित वाकलेली होती आणि नट तिथे कोरडा घासत होता. त्यात त्या दिवशी वेग वाढवलेला, आणि वेग वाढला की या मोटरीचे बळ कमी होते. गाडा त्या जागी आला, मोटर एकदा गुरगुरली आणि पुढे चालू लागली. तार थर्मोकोलमधून शांतपणे निघाली, वळली, परत आली. काम पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर उमटला. पंख हातात घेतला तेव्हा तो मध्येच मोडल्यासारखा दिसत होता. गाडा जिथे परत यायला हवा होता तिथून नऊ मिलिमीटर अलीकडे उभा होता. हिशेब केला तर १४४० पावले पडलीच नव्हती. बोर्डाच्या दृष्टीने मात्र गाडा मूळ जागी अगदी काटेकोरपणे परत आलेला होता.

यातला एक बारकावा भाच्याने सांगितला, तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ही मोटर चुकते तेव्हा पाव किंवा अर्धे पाऊल चुकत नाही. वेटोळ्यांचा क्रम चार पावलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून निसटलेला रोटर चार किंवा चाराच्या पटीत मागे राहतो आणि तिथे पुन्हा नीट जुळतो. जुळला की नंतरचा प्रत्येक हुकूम तो बिनचूक पाळतो. एकदा हुकलेला जर पुढेही अडखळत राहिला असता, तर आवाजावरून तरी कळले असते. तो पुढे इतका व्यवस्थित चालतो की मागे काही राहून गेले आहे याची शंकाही येत नाही.

आता यात चूक कुणाची? मोटरीने तिच्या अंगात होते तेवढे बळ लावले. बोर्डाने एकही हुकूम चुकीचा दिला नाही. दोघांनी आपापले कर्तव्य केले आणि पंख वाया गेला. 'मी माझे काम केले' असे म्हणण्याचा हक्क बोर्डाला आहे की नाही, हा प्रश्न यंत्राच्या बाबतीत हास्यास्पद आहे. माणसाच्या बाबतीत तो तसा राहत नाही.

शाळेतले उदाहरण घ्या. पाचवीतल्या एखाद्या मुलीचे अपूर्णांक शिकवण्याच्या आठवड्यात आजारपण निघते. ती परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. "समजलं का?" या प्रश्नाला सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो आणि त्या सुरात तिचाही आवाज असतो. यानंतर तिची वही पाहा. फळ्यावरचे सारे उतरवलेले, समास आखलेले, तारीख घातलेली. ती पुढचा प्रत्येक हुकूम बिनचूक पाळते, फक्त एका हुकलेल्या जागेपासून. आठवीत बीजगणित आले की घरचे म्हणतात, हिला गणित नाही जमत. तिला गणित जमत होते. एक गोष्ट एका आठवड्यात हुकली होती, आणि ती हुकल्याचे सांगणारी तार कुठेच जोडलेली नव्हती. चित्रकलेच्या शिक्षकाचे या बाबतीत भाग्य मोठे. दूर जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडा क्षितिजावर एका बिंदूत मिळतात, हे सांगितल्यावर माना डोलतात. पण पाचच मिनिटांत कागद बोलू लागतात. कुणाचा रस्ता क्षितिजाला जातो आणि कुणाचा आकाशात, ते बाकांमधून एक फेरी मारली की दिसते. इतिहासाच्या शिक्षकाला यासाठी परीक्षेपर्यंत थांबावे लागते.

शाळेतली ही हानी भरून काढता येते. दुसरे उदाहरण तसे नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा एकटे राहत. मुलगा परदेशात. पुण्यातल्या अनेक घरांची आज हीच कथा आहे, आणि या मुलांविषयी सर्रास जे कडू बोलले जाते ते या मुलाला लागू नव्हते. वडिलांची औषधे तो तिकडून फोनवरून मागवी. महिन्याच्या ठरल्या तारखेला दुकानातला माणूस पिशवी दारात देऊन जाई आणि पिशवी पोचल्याची नोंद मुलाच्या फोनवर उमटे. दर रविवारी तो फोन करी. "औषधं घेताय ना?" "हो, घेतोय." आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. रक्तदाबाची गोळी पांढरी आणि आणखी कसलीशी गोळीही पांढरीच. एकदा चुकून एकच गोळी दोनदा घेतली गेली, घेरी आली, आणि त्या धास्तीने त्यांनी गोळ्या घेणेच सोडून दिले. मुलाला सांगितले असते तर तो सुट्टी काढून आला असता, म्हणून सांगितले नाही. एका पहाटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. कपाटात चार महिन्यांच्या पिशव्या निघाल्या, न उघडलेल्या, एकीवर एक नीट रचलेल्या.

मुलगा आला. तो एवढेच म्हणत होता, "मी तर सगळं वेळेवर पाठवत होतो." त्याचे वाक्य अक्षरशः खरे होते. ऐकणाऱ्या आम्हां कुणाला त्याला दोष देण्याचा अधिकार नव्हता. आजोबांकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पिशव्या तशाच पडल्यात हे मला दिसत होतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मला वाटलं, घरच्यांना ठाऊक असेल." म्हणजे जी बातमी एका माणसाचा उजवा हात वाचवू शकली असती, ती घरातच होती. ती मुलापर्यंत नेणारा रस्ता तेवढा नव्हता. मुलाच्या फोनवरची नोंद पिशवी दारात पोचल्याची होती. गोळी पोटात गेल्याची नव्हती.

इथे कुणी म्हणेल, माणसाने आपले कर्तव्य करावे आणि फळ दैवावर सोडावे, हीच तर आपली शिकवण आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले आणि १९१५ साली ते पुण्यात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून तर फळाची आसक्ती सोडून कर्म करण्याची गोष्ट मराठी घरांत चहासारखी रुळली आहे. मी या विषयातला अधिकारी नाही. पण एवढे मला कळते, की फळाची आशा न धरणे ही एक गोष्ट आहे आणि फळाची चौकशी न करणे ही दुसरी. पहिलीला वैराग्य म्हणतात. दुसरीला आपण कधी कधी वैराग्याचेच नाव देतो, परंतु पुष्कळदा ती सोय असते. औषध दिल्यावर रोगी बरा झालाच पाहिजे असा हट्ट वैद्याने धरू नये, हे ठीक. म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी नाडीच पाहू नये असे कुठला शास्त्रकार सांगेल? नाडी पाहणे हा फळाचा लोभ नव्हे. तो त्याच कर्माचा उत्तरार्ध आहे. ज्याला आपण 'माझे काम' म्हणतो त्याची हद्द आपण फार अलीकडे, हुकूम आपल्या हातून सुटतो तिथेच आखून घेतो. ती जरा पलीकडे, हुकूम ज्याच्यापर्यंत जायचा त्याच्या दारात आखली पाहिजे.

यावर दुसऱ्या बाजूनेही आक्षेप येतो, आणि तो मला अधिक जड वाटतो. भाच्याला मी म्हटले, "मग मोटरीच्या पाठीवर एखादा डोळा का बसवत नाहीस?" असा डोळा मिळतो. त्याला एन्कोडर म्हणतात. प्रत्येक पाऊल पडले की नाही ते तो बोर्डाला कळवतो. पण त्याला पैसे पडतात, तारा वाढतात, बोर्डाचे कामही वाढते. माणसांच्या संसारात तर त्याची किंमत आणखीच जबर. पावलागणिक विचारणा करणाऱ्या घरात कुणाला राहावेसे वाटेल? आज आपण त्याच दिशेने निघालो आहोत. कामावर आल्याचा अंगठा यंत्रावर उठवायचा, वर्गात कॅमेरा, कॉलेजात गेलेली मुलगी या क्षणी कुठल्या चौकात आहे ते आईच्या फोनवर. सारे काही मोजले जाते, तरी आजोबांच्या गोळ्यांसारखी गोष्ट निसटतेच. कारण पहारा आणि चौकशी यांत फरक आहे. पहाऱ्याला अपराधी सापडवायचा असतो. चौकशीला अडलेला माणूस सापडवायचा असतो.

पश्चिमेकडे या प्रश्नाचा विचार पूर्वीच झाला आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर गव्हर्नर बसवला. दोन गोळे फिरत असतात. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि वाफेची वाट आपोआप थोडी बंद करतात, वेग मंदावला की खाली येऊन ती उघडतात. इंजिनावरून ओझे काढले किंवा वाढवले, तरी त्याची बातमी इंजिन स्वतःच स्वतःला देते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. अशा डिझेल इंजिनांतही इंधनाची धार आवरणारा गव्हर्नर असतो. ओझे बदलले की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलून पुन्हा ठेक्यावर येतो, ही त्याचीच करामत. १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने या सगळ्या विद्येला 'सायबरनेटिक्स' असे नाव दिले. ते सुकाणू धरणाऱ्या नाखव्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले, आणि 'गव्हर्नर' हा शब्दही त्याच कुळातला. राज्य करणारा आणि नाव हाकणारा यांचे नाते भाषेने केव्हाच ओळखले होते म्हणायचे. नाखवा सुकाणू फिरवून डोळे मिटत नाही. नाव वळली का, ते किनाऱ्याकडे पाहून ठरवतो.

आपल्याकडेही हे शहाणपण होते. शिवछत्रपतींनी चिपळूणकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना १६७० नंतरच्या काही वर्षांत पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात छावणीचा रयतेला उपद्रव होऊ देऊ नका, एवढा हुकूम एका ओळीत मावला असता. पण ते पत्र तिथे थांबत नाही. आत्ता दाणागवत बेसुमार खर्च केले तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि लोक रयतेच्या मागे लागतील, हे त्यात आहे. कुणी गवताशेजारी स्वयंपाक करील, कुणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळता राहील आणि उंदीर पेटती वात पळवून नेईल, इथपर्यंत ते पत्र जाते. हुकूम देणारा माणूस हुकमाच्या मागोमाग मनाने त्या छावणीत जाऊन, गवताच्या गंजीपाशी उभा राहून आला आहे. आपला शब्द शेवटच्या माणसापर्यंत आणि शेवटच्या उंदरापर्यंत पोचताना त्याचे काय होईल, याची काळजी त्यात दिसते. त्याच्याशेजारी आपली २०१८ सालची बंदी ठेवून पाहा. हेतू चांगला, कायदा स्पष्ट. तरी त्यानंतरही लग्नकार्यालयांच्या मागे थर्मोकोलच्या ताटल्यांचे ढीग मी पाहिले आहेत. हुकूम निघाला हे खरे. पाऊल किती पडले ते त्या ढिगांना विचारावे.

भाच्याने शेवटी एन्कोडर बसवलाच नाही. त्याने तीन साध्या गोष्टी केल्या. पहिली म्हणजे वाकलेली सळई बदलली, नटाला तेल दिले आणि वेग कमी केला. मोटरीच्या ताकदीच्या आत काम मागितले की तिच्यावर संशय घेण्याची वेळच फारशी येत नाही. दुसरी म्हणजे गाड्याच्या मूळ जागी एक छोटे बटण बसवले. प्रत्येक पंख कापून झाला की गाडा परत येऊन त्या बटणाला टेकतो, आणि बोर्डाचा हिशेब व प्रत्यक्ष जागा जुळते की नाही ते तिथे कळते. पावलापावलाला विचारायचे नाही. पण एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी हिशेब जुळवून घ्यायचा. तिसरी म्हणजे पंख निघाला की पडद्यावर काहीही लिहून येवो, तो स्वतः मोजपट्टी लावतो.

या तिन्ही गोष्टी संसारात उतरवता येतात असे मला वाटते. समोरच्याच्या पेलण्याएवढेच मागावे. एकमेकांना भेटण्याची, खरेखुरे टेकण्याची एखादी जागा राखावी. मग ती रविवारची असो वा रात्रीच्या जेवणाची. आणि चौकशी करायची ती अशी, की तिचे उत्तर आपणच प्रश्नात भरून ठेवलेले नसावे. "औषधं घेताय ना?" यातला 'ना' हाच घातकी शब्द. तो उत्तराला येण्याआधीच 'हो' म्हणायला लावतो. "आज कुठली गोळी घेतलीत, जरा दाखवा बघू," या वाक्यात 'ना' नाही. "समजलं का?" पेक्षा "तू मला समजावून सांग" हे अधिक चांगले. आणि घरात पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना, दारात पिशवी देणाऱ्या पोऱ्याला, मागच्या बाकावरच्या मुलीला "तुला काय दिसतंय?" असे विचारणारे कुणीतरी हवे.

मोटरीपेक्षा माणसाला एक गोष्ट अधिक मिळालेली आहे. मोटरीला 'माझे पाऊल हुकले' असे सांगता येत नाही, माणसाला येते. मात्र ते सांगण्याची त्याला भीती वाटू नये. आजोबांना वाटली होती ती रागाची भीती नव्हती. मुलाला त्रास होईल याची होती. प्रेमाच्या पोटीही माणसे गप्प बसतात, आणि तसली शांतता ओळखणे सर्वांत कठीण. ज्या घरात 'नाही जमले' हे वाक्य उच्चारल्यावर उपदेश होत नाही, रडारड होत नाही, लगेच विमानाचे तिकीट निघत नाही, फक्त कुणीतरी शेजारी येऊन बसते, त्या घरात वेगळा पहारा लागत नाही.

दिवाळी हा पाठवण्याचा सण आहे. या चार दिवसांत शुभेच्छा जातात, फराळाचे डबे जातात, बहिणींना ओवाळणी जाते, दूरच्या आईवडिलांना साड्या आणि सदरे जातात, आणि प्रत्येक पाठवणीबरोबर आपल्या मनातल्या वहीत एकेक खूण होत जाते. त्या खुणा होऊ द्याव्यात; त्यांनी मनाला बरे वाटते आणि सणाला बरे वाटणे शोभते. फक्त भाऊबीज झाल्यावर, घाई सरल्यावर, एखाद्या निवांत संध्याकाळी वही उघडून दोन-चार खुणांच्या पलीकडे डोकवावे. डबा पोचला हे कळलेले असते. चकली दातांना चावली का, ते विचारायचे राहिलेले असते.